हे वर्तुळ कुठून आले?

गेल्या उन्हाळ्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बाह्य परीक्षक म्हणून बसलो असताना शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने लॅपटॉपच्या पडद्यावर कार्बन तंतूंच्या पातळ प्लेटमधून जाणारा तरंग दाखवला. निळ्या पार्श्वभूमीवर मध्यभागी लाल ठिपका उमटला आणि त्याच्याभोवती पिवळी, हिरवी, आकाशी कडी एकामागून एक पसरत प्लेटच्या कडांपर्यंत गेली. संध्याकाळी रंकाळ्यात खडा टाकल्यावर दिसतात तशी, कंपासने काढावीत अशी नेटकी वर्तुळे. दुसरे परीक्षक खूश झाले, मार्गदर्शक प्राध्यापकांनी समाधानाने माझ्याकडे पाहिले, आणि मी विचारले, "तंतू कोणत्या दिशेने आहेत?" तो म्हणाला, "सर, सगळे थर शून्य अंशात." म्हणजे सगळे तंतू एकाच दिशेला. मग वर्तुळ कुठून आले?

प्रश्न खवचटपणाचा नव्हता. कार्बन तंतू आणि इपॉक्सी राळ यांच्या एकदिशा प्लेटची तंतूंच्या दिशेने ताठरता साधारण १४० गिगापास्कल असते, आडव्या दिशेने जेमतेम १०, आणि घनता घनमीटरला सुमारे १,६०० किलो. ताठरतेला घनतेने भागून वर्गमूळ काढले की ताणतरंगाच्या वेगाचा ढोबळ अंदाज मिळतो : तंतूंच्या दिशेने सेकंदाला ९ किलोमीटरहून अधिक, आडव्या दिशेने अडीच किलोमीटर. एकाच क्षणी निघालेला तरंग एका अंगाला दुसऱ्या अंगाच्या साडेतीन पटींहून अधिक पुढे गेलेला असणार. त्याचा आकार लांबट, ताणलेला दिसायला हवा. थर ०, ४५ आणि ९० अंशांत समतोल रचलेले असते, तर जवळपास वर्तुळ दिसणे योग्यच ठरले असते. या अहवालात तसे नव्हते. थोडे खोदल्यावर कळले की सॉफ्टवेअरमध्ये पदार्थाचे गुणधर्म भरताना ताठरतेचा एकच आकडा टाकला होता. अशा पदार्थासाठी तिथे नऊ स्थिरांक भरायचे असतात. एक भरला तरी सॉफ्टवेअर हरकत घेत नाही, आणि चित्र येते ते सुंदरच येते.

त्या मुलाला मी नापास केले नाही, कारण चूक त्याच्या एकट्याची नव्हती. चार महिने ते चित्र त्याच्या मार्गदर्शकांनी, विभागातल्या इतरांनी, प्रकल्पाच्या दोन आढावा बैठकांनी पाहिले होते, आणि कुणालाही ते खटकले नव्हते. मला सांगायचे आहे ते याच खटकण्याविषयी. तरंगांची रंगीत चित्रे आपल्या महाविद्यालयांत, विद्यापीठांत आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनात पुरावा म्हणून स्वीकारली जातात. ज्या मोजमापावर आणि ज्या गृहीतांवर ती उभी आहेत, तो हिशेब मात्र मागितला जात नाही. माझे म्हणणे असे की तो हिशेब सोबत नसेल तर असे चित्र प्रबंधात, प्रकल्प अहवालात किंवा संशोधनाच्या जाहीर निवेदनात निष्कर्ष म्हणून घेऊच नये, आणि हा नियम विद्यापीठाने लेखी करावा.

कोल्हापुरात हे सांगायला मला विशेष संकोच वाटत नाही, कारण पदार्थातून जाणारा तरंग वाचण्याची विद्या या गावाला जुनी आहे. उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये सकाळी उभे राहावे. फेटलिंगला, म्हणजे सफाईला आलेले कास्टिंग (ओतीव भाग) मेस्त्री दोरीला किंवा हुकाला टांगतो, हातोडीने एक ठोका देतो आणि क्षणभर मान तिरकी करून ऐकतो. नाद लांबला तर माल एका ढिगात. 'भद्द' असा आवाज आला तर खडूची फुली मारून दुसऱ्या ढिगात. या ठोक्याने कास्टिंगमध्ये कंपने उठतात आणि आतली चीर त्यांची ऊर्जा खाऊन टाकते, हे भौतिकशास्त्र त्याने पुस्तकात वाचलेले नसते. त्याच्याकडे असते ती एक शिस्त : त्याने एकाच मापाच्या शेकडो चांगल्या कास्टिंगचा नाद ऐकलेला असतो, आणि समोरच्या आवाजाची तुलना तो त्या ठेवणीशी करतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ज्या फौंड्र्या एसजी आयर्न, म्हणजे गोळीदार ग्रॅफाइटचे बीड ओततात, त्यांच्यापैकी अनेकांना हीच गोष्ट आकड्यात माहीत आहे. बिडातले ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात जमले असेल तर त्यातून अल्ट्रासाउंड सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या पुढे धावतो. ते पापुद्र्यांच्या रूपात राहिले तर वेग ५ किलोमीटरच्या खाली घसरतो. एक आकडा, एक उपकरण आणि तुलनेसाठी ठेवलेला एक प्रमाणित तुकडा. रंग नाहीत, हलते चित्र नाही. आणि तरीही निर्णय खात्रीचा असतो.

कंपोझिटमध्ये, म्हणजे तंतू आणि राळ यांच्या अशा संमिश्र पदार्थात एवढ्यावर भागत नाही, हे मान्य केले पाहिजे. विमानाच्या कार्बन पृष्ठभागावर मेकॅनिकच्या हातातून पाना पडला तर वरून एक पुसटसा खळगा दिसतो, कधी तोही दिसत नाही, आणि आत मात्र थर एकमेकांपासून सुटलेले असतात. नाणे वाजवून असे सुटलेले थर शोधण्याची पद्धत विमानदुरुस्तीत खरोखर वापरली जाते, म्हणजे आपल्या मेस्त्रीची हातोडी तिथेही पोहोचलेली आहे; परंतु पृष्ठभागापासून खोल असलेला दोष नाण्याला लागत नाही. म्हणून पातळ प्लेटमधून दूरवर जाणारे तरंग वापरावे लागतात. होरेस लॅम्ब या इंग्रज गणितज्ञाने १९१७ मध्ये त्यांचे गणित मांडले आणि ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. या लॅम्ब तरंगांची अडचण अशी की एकाच वेळी त्यांचे अनेक प्रकार प्लेटमध्ये धावतात, प्रत्येकाचा वेग कंप्रतेनुसार बदलतो, कंपोझिटमध्ये तो दिशेनुसारही बदलतो, आणि कडांवरून परतलेले तरंग यात मिसळतात. एका संवेदकाने नोंदलेली नागमोडी रेघ पाहून यातले काय कुठून आले हे सांगणे तज्ज्ञालाही जड जाते. इथे चित्राचा खरा उपयोग आहे. प्लेटच्या हजारो बिंदूंवर लेझरने कंपनाचा वेग मोजून त्याचा नकाशा उभा केला की सुटलेल्या थरावर तरंग अडकून घुटमळताना डोळ्यांना दिसतात. त्या जागेची वरची पातळ खपली जणू वेगळीच प्लेट झालेली असते आणि तिच्यात तरंग येरझाऱ्या घालत राहतात. हे एकदा पाहिलेला माणूस चित्रांचा विरोधक होऊ शकत नाही. मीही नाही.

चित्राने विज्ञान पुढे नेल्याची साक्ष इतिहासही देतो. एर्न्स्ट क्लाडनी याने १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून, कडेला व्हायोलिनचा गज ओढून उमटणाऱ्या आकृती प्रसिद्ध केल्या. पत्रा जिथे स्थिर राहतो त्या रेषांवर वाळू गोळा होते. त्या आकृतींचे गणित कुणालाच येत नव्हते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यासाठी बक्षीस लावले आणि सोफी जर्मेन हिला ते १८१६ मध्ये मिळाले. तिच्या मांडणीतल्या उणिवा भरून काढायला पुढे आणखी काही दशके गेली. आपल्याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये मृदंग-तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे तिचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत कसे येतात हे दाखवले, आणि १९३४ च्या सविस्तर निबंधात पुडीवर वाळू पसरून मिळालेल्या आकृतीही दिल्या. लोहकीस आणि खळ यांच्या लेपाने मधोमध जड केलेले कातडे हा तसा संमिश्र पदार्थच. तबला बनवणाऱ्या कारागिराने तो गणिताच्या आधी कानाने सोडवला होता, हे कोल्हापूर-मिरजेच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

या वाळूच्या आकृतींत आणि आमच्या विद्यार्थ्याच्या पडद्यावरील वर्तुळात एक मूलभूत फरक आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावर टेकलेला आहे. वाळूची आकृती हा ठसा आहे. पत्र्याने काय केले ते वाळूने नोंदले. मधे कुणी काही गृहीत धरलेले नाही. संगणकावरचे चित्र हा हिशेब आहे. आपण भरलेले गुणधर्म, आपण निवडलेली जाळी (गणनेसाठी प्लेटची पाडलेली लहान घरे), आपण ठरवलेल्या सीमा यांच्यातून संगणकाने काढलेले उत्तर रंगवून दाखवलेले असते. लेझरने मोजून केलेला नकाशा या दोहोंच्या मधला : आकडे मोजलेले, पण दोन बिंदूंमधली जागा सॉफ्टवेअरने भरलेली. हे तिन्ही पडद्यावर एकसारखे दिसतात. पाहणाऱ्याला ठसा कोणता आणि हिशेब कोणता हे कळायला मार्गच नसतो, आणि डोळा हिशेबालाही ठशाइतकाच मान देतो.

हिशेब कुठे कुठे घसरतो ते पाहण्यासारखे आहे. जाळीचेच घ्या. १०० किलोहर्ट्झच्या तरंगाचा वेग सेकंदाला दीड किलोमीटर असेल तर तरंगलांबी १५ मिलिमीटर येते. अशा गणनेत एका तरंगलांबीत किमान दहा, शक्य तर वीस बिंदू असावेत असा संकेत आहे. म्हणजे जाळीचे घर एक-दीड मिलिमीटरपेक्षा मोठे नको. संगणक जुना, मुदत जवळ आलेली, म्हणून विद्यार्थ्याने घर ५ मिलिमीटरचे केले की तरंगलांबीत तीनच बिंदू उरतात. गणना तरीही पूर्ण होते. फक्त तरंगाचा वेग चुकतो आणि त्याची लहर मागे फिसकटत, पसरत जाते. आता गंमत अशी की खरे लॅम्ब तरंगही पसरतात, कारण त्यांचा वेगच कंप्रतेवर अवलंबून असतो. जाळीच्या जाडेपणामुळे झालेला फिसकटा आणि निसर्गाने केलेला फिसकटा पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. "पाहा, इथे तरंगांचे अपस्करण स्पष्ट दिसते," असे वाक्य मी अहवालांत अनेकदा वाचले आहे, आणि दरवेळी मला जाळीचे माप शोधत मागची पाने उलटावी लागली आहेत. बहुतेक वेळा ते तिथे नसते.

रंगांचे प्रकरणही क्षुल्लक नाही. वर्षानुवर्षे सॉफ्टवेअरमध्ये मूळचीच बसवलेली इंद्रधनुषी रंगपट्टी अशी आहे की तिच्यातला पिवळा आणि आकाशी भाग डोळ्याला उजळ भासतो आणि तिथे कडा असल्याचा भास होतो. आकड्यांमध्ये त्या जागी काहीच घडलेले नसते. मॅटलॅब या गणनेच्या सॉफ्टवेअरने २०१४ मध्ये आणि मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरने २०१७ मधल्या आवृत्तीत ही पट्टी मूळ निवडीतून काढून टाकली. आमच्याकडे मात्र मागच्या वर्षाच्या अहवालावरून पुढच्या वर्षाचा अहवाल तयार होत असल्यामुळे ती अजून ठाण मांडून आहे. तरंगाला धन आणि ऋण अशा दोन बाजू असतात. शून्याला पांढरा, एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला लाल, अशी साधी पट्टी घेतली तरी अर्धे काम होते. विस्थापनाच्या अतिशयोक्तीबद्दल फार लिहीत नाही : २ मिलिमीटर जाडीच्या प्लेटचा पृष्ठभाग प्रत्यक्षात २० नॅनोमीटर हलत असेल, तर जाडीच्या एक लाखाव्या भागाइतकी ती हालचाल आहे, आणि पडद्यावर मात्र प्लेट वाऱ्यावर वाळत घातलेल्या धोतरासारखी फडकते. फडकू द्यावी. पण किती पट वाढवून दाखवली ते खाली लिहावे.

दुसऱ्यांचे दोष काढताना स्वतःचा सांगितला पाहिजे. पंधराएक वर्षांपूर्वी एका परिषदेत मी काच-इपॉक्सीच्या प्लेटमधल्या तरंगाचे हलते चित्र दाखवले होते आणि त्यावर बराच खूश होतो. भाषणानंतर मागच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठले आणि म्हणाले, "तुमचा तरंग म्हातारा कसा होत नाही?" सभागृह हसले. मला आधी प्रश्नच कळला नाही. काच-इपॉक्सीमध्ये तरंग झपाट्याने विरतो. माझ्या चित्रात तो शेवटच्या चौकटीतही पहिल्या चौकटीइतकाच लालभडक होता. रात्री खोलीवर जाऊन तपासले तेव्हा उलगडा झाला. सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीतल्या सर्वांत मोठ्या आकड्याला लाल रंग देत होते. तरंग विरत होता, आणि रंगाची मोजपट्टीही त्याच्याबरोबर आक्रसत होती. आकडे सगळे बरोबर होते, गणना बरोबर होती. केवळ मोजपट्टी बांधून ठेवली नाही म्हणून चित्र खोटे बोलत होते, आणि ते मी अभिमानाने शंभर लोकांना दाखवले होते.

हा प्राध्यापकांच्या घरातला वाद आहे, समाजाला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. तेजस या आपल्या हलक्या लढाऊ विमानाच्या सांगाड्याच्या वजनात कंपोझिटचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. बोइंग ७८७ मध्ये तो निम्म्यावर जातो. आपल्या शेजारी सातारा-सांगलीच्या पठारांवर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पाती काचतंतूंची आहेत. या सर्वांची तपासणी उद्या, काही अंशी आजही, तरंगांवर आणि तरंगांच्या चित्रांवर अवलंबून आहे, आणि ती चित्रे वाचणारी माणसे आज आपल्या वर्गांत बसलेली आहेत. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली 'टायटन' ही पाणबुडी समुद्रात चिरडली गेली आणि तिच्यातले पाचही जण गेले. तिचा दंडगोल कार्बन तंतूंच्या थरांचा होता आणि त्यावर ध्वनीचे आणि ताणाचे संवेदक बसवलेले होते. पुढे जाहीर सुनावणीत समोर आले की जुलै २०२२ मधल्या एका बुडीत मोठा आवाज नोंदला गेला होता आणि त्यानंतर ताणाच्या नोंदींची चाल बदलली होती. उपकरणांनी त्यांचे काम केले होते. नोंदीतला बदल म्हणजे पदार्थातला बदल, असे मानून थांबणारा माणूस त्या साखळीत पुरेसा बळकट नव्हता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. १९६२ पासून या भागाचे उच्चशिक्षण सांभाळणाऱ्या शिवाजी विद्यापीठाने आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एवढे ठरवावे की तरंगाचे कोणतेही चित्र अहवालात आले तर ते मोजलेले आहे की गणलेले, हे चित्राखालीच लिहिलेले असेल. रंगपट्टी एककासह आणि सर्व चौकटींसाठी एकच असेल. गणलेले असेल तर जाळी, तरंगलांबी आणि तंतूंची दिशा तिथेच दिलेली असेल. आणि त्या चित्रातला किमान एक आकडा प्रत्यक्ष प्लेटवर मोजून पडताळलेला असेल. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, आणि तिलाच सर्वांत जास्त विरोध होईल याची मला कल्पना आहे. "सर, लेझर व्हायब्रोमीटर कुठून आणायचा?" हे मी आत्ताच ऐकतो आहे. तो आणू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बझरमध्ये वापरतात त्या, कंपनाचा विद्युत संकेत करणाऱ्या पिझो चकत्या काही रुपयांना मिळतात आणि दोन वाहिन्यांचा ऑसिलोस्कोप प्रत्येक महाविद्यालयात असतोच. प्लेटवर २० सेंटिमीटर अंतरावर दोन चकत्या चिकटवाव्यात, पहिलीच्या बाहेरच्या अंगाला त्याच रेषेत पेन्सिलीच्या शिशाचे टोक मोडून टिचकी द्यावी आणि दोन्ही चकत्यांवर लहर पोहोचण्यातला वेळ वाचावा. एकदिशा कार्बनमध्ये तंतूंच्या दिशेने तो सुमारे २२ मायक्रोसेकंद यायला हवा, आडव्या दिशेने ८०. हा फरक इतका ढळढळीत आहे की त्यासाठी अचूक उपकरणाची गरजच नाही. आणि वर्तुळाचे चित्र त्यापुढे एक दिवसही टिकत नाही.

यावर एक आक्षेप मला खरोखर विचारात पाडतो. अशा अटींमुळे मुले चित्रे काढणेच सोडतील, आणि ज्या रंगांनी त्यांना या विषयाकडे ओढले तेच आपण हिरावून घेऊ, असे माझे एक तरुण सहकारी म्हणतात. त्यात तथ्य आहे. शाळेच्या प्रदर्शनात, विज्ञानदिनी, पालकांसमोर, तरंगाचे चित्र नुसते सुंदर असायला माझी हरकत नाही. परंतु ज्या कागदावर पदवी मिळते आणि ज्या कागदावर सार्वजनिक निधी मंजूर होतो, तिथे चित्राकडून अधिक मागावे लागेल. शिवाय माझा अनुभव असा की मोजायला लावले की मुलांचा रस वाढतो.

त्या विद्यार्थ्याचेच सांगतो. परीक्षा झाली, गुण लागले, तरी तो पंधरा दिवसांनी घरी आला. देखाव्यांचे फायबरचे काम करणाऱ्या एका कारखान्यातून त्याने फूटभर लांबी-रुंदीची प्लेट मिळवली होती, चकत्या चिकटवल्या होत्या, शिसे मोडून मोडून वही भरली होती. दोन्ही दिशांचे आकडे ८० ते ८५ मायक्रोसेकंदांच्या आसपास होते. "सर, दोन्हीकडे सारखेच येते. म्हणजे माझे वर्तुळ बरोबर होते ना?" प्लेट हातात घेऊन उजेडात धरली. आत काचतंतूंचे आखूड तुकडे हवे तसे, सगळ्या दिशांना विखुरलेले दिसत होते. त्या कारखान्यात चॉप्ड मॅट वापरतात. "या प्लेटसाठी बरोबर," मी म्हणालो, "अहवालातल्या प्लेटसाठी नाही." तो बराच वेळ प्लेट उलटसुलट करून पाहत राहिला. एकदिशा कापड कोल्हापुरात किरकोळीत मिळाले नाही. त्याने पुण्याहून मागवले आहे, आणि ते आल्यावर चकत्या कुठे चिकटवायच्या त्याची आकृती माझ्याकडे आधीच देऊन गेला आहे.